नावांची उतरंड

कळंबच्या त्या कॉलेजात बुद्धघोष ओव्हाळ कुठं भेटतील असं कुणी विचारलं, तर फाटकावरचा वॉचमन डोकं खाजवून सांगेल की या नावाचं इथं कुणी नाही. 'मामा' म्हणा, की कालच प्रवेश घेतलेली मुलगीसुद्धा वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेकडं बोट दाखवते. मामांना तिथं सहायक म्हणून लागून सव्वीस वर्षं झाली होती. त्यांचे वडील ज्ञानोबा यांनी विहारातल्या भन्तेजींनी वाचून दाखवलेल्या यादीतून हे नाव निवडलं होतं. शाळेत घालताना गुरुजी म्हणाले, काहीतरी सोपं सांगा. तेव्हा ज्ञानोबा तिथंच उंबऱ्यावर बसले आणि नाव पुरतं लिहून झाल्यावरच उठले. इतक्या हट्टानं घातलेलं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं. मामांना त्याचं काही वाटत नसे, निदान ते तसं म्हणत.

कागदोपत्री पाहिलं तर सूक्ष्मदर्शक पुसणं, काचेची भांडी मोजून देणं आणि मोजून परत घेणं एवढंच मामांचं काम. प्रत्यक्षात ज्या कामाच्या मागंपुढं 'ऑनलाइन' हा शब्द असेल ते झाडून सगळं मामांच्या गळ्यात. वीस वर्षांपूर्वी त्यांनी हौसेनं संगणकाचा कोर्स केला होता आणि ती हौस त्यांना अजून भोवत होती. निम्म्या प्राध्यापकांचे पासवर्ड मामांना पाठ होते, ज्यांचे होते त्यांना नव्हते. दिवसातून चार वेळा तरी मामा फोन कानाला लावून कुणाला ना कुणाला म्हणत असायचे, "सर, ओटीपी आला असंल, तेवढा सांगा." आणि पलीकडचा माणूस कशाचा, कशाला, काही न विचारता सहा आकडे सांगून मोकळा व्हायचा.

फेब्रुवारीत परिपत्रक आलं. दूरच्या कुठल्याशा संस्थेनं विद्यार्थी आणि प्राध्यापक यांचा मिळून एक विज्ञान परिसंवाद ठेवला होता, तोही आपापल्या जागेवर बसून, पडद्यावरून. त्यासाठी प्रत्येकानं आपल्या संशोधनाचा अडीचशे शब्दांतला सारांश, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट, पोर्टलवर भरायचा. कॉलेजातून किमान बारा तरी गेले पाहिजेत, असं वरून ठरलं. कुणी भरायचे हे कुणी ठरवलंच नाही. त्याची गरजही नव्हती.

मामांनी पंधरा दिवस आधी सूचना लावली. अडीचशे शब्द, टाइप केलेले, मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. शेवटचं वाक्य त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं. बुधवारपर्यंत त्यांच्याकडं एकसुद्धा आला नाही. गुरुवारी मात्र पाट फुटला. एका सरांनी अकरा पानं पाठवली आणि त्यातलं काय ठेवायचं ते तुम्हीच बघा म्हणाले. रसायनशास्त्राचे सोमेश सर, जे संशोधन समितीचे समन्वयकही होते, त्यांनी चाळीस शब्द पाठवून उरलेले दोनशे दहा तुमच्या मनानं घाला असा निरोप दिला. एका मॅडमनी वहीच्या पानाचा फोटो धाडला, त्यात निम्मं पान त्यांच्या अंगठ्याखाली. खुद्द विभागप्रमुख रणधीर सरांचा ॲबस्ट्रॅक्ट छान टाइप केलेला, मोजून अडीचशे शब्दांचा होता. फक्त त्यात तिसऱ्याच जिल्ह्यातल्या कॉलेजचं नाव आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख होती. मामांनी ते दाखवल्यावर सर म्हणाले, तेवढं बदला की.

शिकलेल्या माणसांचा मामांना जितका राग येई तितका कुणाचाच येत नसे. अडाणी माणूस निदान येत नाही म्हणून सांगतो, यांना येत नाही हेही कळत नाही, असं ते घरी पौर्णिमाबाईंना, आपल्या बायकोला, जेवताना सांगत. पौर्णिमाबाई म्हणत, मग कशाला करता? त्यावर मामा आणखी एक भाकरी मागून घेत.

या सगळ्या गदारोळात एकच ॲबस्ट्रॅक्ट वेळेवर आणि धड आला होता. तो निकिताचा. निकिता ईट गावची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. कळंबला मावशीकडं राहायची आणि शनिवारी एसटीनं गावी जायची. तिच्या वडिलांची, बजरंग यांची, ईटला खव्याची भट्टी होती. खवा पळसाच्या पानात गुंडाळला तर जास्त टिकतो की प्लॅस्टिकच्या पिशवीत, हे तिला तपासून बघायचं होतं. आजी म्हणायची पानात, व्यापारी म्हणायचे पिशवीत, आणि खरं काय ते कुणीच मोजलेलं नव्हतं. तिनं मोजलं. काचेच्या बश्यांत नमुने घालून, बश्या फ्रिजमध्ये ठेवून, रोज बुरशीचे ठिपके मोजून, वहीत लिहून. शनिवार-रविवारी ती नसायची तेव्हा ठिपके मामा मोजायचे. एका रविवारी दुपारी वीज गेली, तेव्हा मामा घरून धावत आले आणि बश्या थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून चार तास राखण करत बसले. कुणी सांगितलं नव्हतं. मामा म्हणाले, पोरीचे पंधरा दिवस पाण्यात जातील म्हणून आलो.

तिचं सगळं या ॲबस्ट्रॅक्टवर अडकलेलं होतं. परिसंवादातून दहा विद्यार्थी निवडून त्यांना पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे दोन महिने काम करायला मिळणार होतं. बजरंग यांनी लेकीला स्पष्ट सांगितलं होतं, त्या दहात आलीस तर एम.एस्सी.ला घालतो, नाहीतर जूनपासून भट्टीवर कढया सांभाळ. माणूस वाईट नव्हता. त्याला लेकीच्या हुशारीचा दाखला बाहेरच्या कुणाकडून तरी हवा होता एवढंच.

निकितानं फॉर्मवर स्वतःचं नाव पहिलं लिहिलं होतं. खाली रणधीर सरांचं, आणि बस्स. मामांनी शुक्रवारी सकाळी तो भरायला घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. पोरगी हुशार आहे, पण रीतभात कुणी शिकवलीच नाही, असं ते मनाशी म्हणाले.

इथं मामांच्या एका जुन्या दुखण्याबद्दल सांगायला हवं. अठरा वर्षांपूर्वी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापायचं काम त्यांच्याकडं होतं आणि तिच्यात प्रमुख पाहुण्यांचं नाव संस्थेच्या अध्यक्षांच्या वर गेलं. केवढा गहजब झाला. पाचशे पत्रिका मागच्या मैदानात जाळल्या, नव्या छापल्या आणि सगळ्या स्टाफसमोर मामांना उभं करून विचारलं गेलं की माणसांची पायरी कळते का तुम्हाला. हा प्रश्न त्यांना नेमका कुठं लागला, ते विचारणाऱ्याला कळलं नसेल. मामांना कळलं. त्या दिवसापासून त्यांनी नावं लावण्यात चूक म्हणून केली नाही. आधी प्राचार्य, मग विभागप्रमुख, मग समन्वयक, मग बाकीचे. गावातल्या लग्नपत्रिकासुद्धा लोक त्यांच्याकडून तपासून घेत. कुठला काका रुसेल आणि कुठला मामा जेवायला बसणार नाही, हे बुद्धघोषमामा नावं वाचून सांगत.

तर मामांनी निकिताचा फॉर्म दुरुस्त केला. पहिलं नाव प्राचार्य डॉ. कल्याणप्पा सरांचं, दुसरं रणधीर सरांचं, तिसरं सोमेश सरांचं. चारच नावांना जागा होती, म्हणून चौथं निकिताचं. पोर्टलचा हट्ट असा की नाव घालायचं तर ज्याचं त्याचा ओटीपी टाका. मामांनी तिघांना फोन केले, तिघांनी आकडे सांगितले. तिघांपैकी एकानंही कशाचा म्हणून विचारलं नाही.

सव्वाचारला निकिता सहज डोकावली. मामा त्या वेळी अकरा पानांचे अडीचशे शब्द करत होते आणि त्यांना बोलायलाही फुरसत नव्हती. तिनं शेजारच्या संगणकावर आपला ॲबस्ट्रॅक्ट उघडून पाहिला आणि नावं खालपासून वरपर्यंत वाचली. मग म्हणाली, "मामा, माझं नाव चौथं कसं?"

मामा खेकसले की मग काय प्राचार्यांच्या डोक्यावर लावू का. तिनं पोर्टलवरचे नियम उघडले आणि सातव्या नियमावर बोट ठेवलं. पहिलं नाव ज्याचं तोच सादर करणार, आणि पहिलं नाव विद्यार्थ्याचं असेल तरच ॲबस्ट्रॅक्ट विद्यार्थी विभागात धरला जाणार. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं. विभाग : प्राध्यापक. सादरकर्ता : डॉ. कल्याणप्पा.

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. शब्दांच्या मर्यादेचे, अक्षराच्या आकाराचे, तक्त्याच्या रुंदीचे सगळे नियम त्यांना पाठ होते. नावांचा नियम तेवढा त्यांनी वाचला नव्हता. नावांचं आपल्याला कुणी काय सांगायचं, या तोऱ्यात.

पहिल्यांदा ते पोर्टलवर चिडले. मग नियम करणाऱ्यांवर. मग निकितावर, की तू सकाळीच येऊन का बघितलं नाहीस. तिचा चेहरा बघून ते थांबले. चिडायला आता एकच माणूस उरला होता आणि तो त्यांच्याच खुर्चीत बसला होता.

पहिलं नाव हलवायचं तर त्या माणसाचा ओटीपी पुन्हा लागणार होता. प्राचार्य पुतण्याच्या साखरपुड्याला तामलवाडीला गेलेले. मामांनी फोन लावला, तर ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, पुन्हा क्षेत्राबाहेर. तामलवाडी काही चंद्रावर नव्हती, पण मांडव नेमका अशा जागी घातलेला असणार की जिथं फोनला फक्त उचकी लागते.

ते रणधीर सरांकडं गेले. सर स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत निघायच्याच तयारीत होते. सगळं ऐकल्यावर त्यांची किल्ली थांबली. प्राचार्यांचं नाव खाली घ्यायचं ही कल्पनाच त्यांना झेपेना. ते म्हणाले की मला विचारलं होतं असं कुठं बोलू नका, मी चार वाजताच गेलो असं समजा. दारापर्यंत जाऊन ते परत आले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "मामा, सांगूच नका ना कशाचा ओटीपी ते. सर देतात की नेहमी."

हे मामांनाही सुचलं होतं. तसं करणं काहीच अवघड नव्हतं. पुढं विचारलं कुणी, तर पोर्टलनं आपोआप तसं केलं म्हणायचं. पोर्टलच्या माथ्यावर आजवर किती तरी खापरं फोडली होती, आणखी एक.

चार पस्तीस. चार चाळीस. निकिता स्टुलावर बसली होती, हात मांडीवर घेऊन. ती रडत नव्हती, ते मामांना अधिक जड जात होतं. रडली असती तर ओरडता तरी आलं असतं. चार त्रेचाळीसला प्राचार्यांचा फोन लागला.

पलीकडं सनई आणि भांड्यांचा आवाज. मामांनी सवयीनं म्हटलं, सर, ओटीपी आला असंल. सरांनी सवयीनं सहा आकडे सांगितले आणि फोन ठेवायला निघाले. मामांनी आकडे टिपून घेतले. आता नुसतं टाकायचं होतं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सर, थांबा. ह्यो तुमचं नाव खाली घ्यायचा ओटीपी हाय."

सनई वाजत राहिली. सरांनी विचारलं, "माझं नाव? कशातलं?"

मामांनी सांगितलं. निकिता, ईट, खवा, पळसाचं पान, सातवा नियम. आपण सकाळी काय केलं तेही सांगितलं. सांगताना अठरा वर्षांपूर्वीचा स्टाफ पुन्हा समोर बसला आहे असं वाटत होतं.

"अहो मामा," सर म्हणाले, "मला खवा खायचा तेवढा माहीत. त्या पोरीच्या कामात माझं नाव घातलंच कुणी? काढून टाका." मामांनी विचारलं, खाली घेऊ की काढू. सर वैतागून म्हणाले, "काढा म्हणालो की. इथं पंगत बसायलीय."

फोन बंद झाला. सगळं मिळून पाऊण मिनिटसुद्धा लागलं नसेल.

मामांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांना आला तो राग. ज्याच्यासाठी अठरा वर्षं एकेक नाव जिवापाड जपून लावलं, त्याला नाव लावल्याचा पत्ता नाही आणि काढल्याचं दुःख नाही. बाराच्या बारा ॲबस्ट्रॅक्टवर आज हेच नाव पहिलं होतं. कुणी मागितलं होतं? कुणीच नाही. जाळलेल्या पाचशे पत्रिकांची धग एकट्या मामांच्याच अंगात राहिली होती, जाळणारे कधीच विसरून गेले होते.

पण वेळ नव्हता. ओटीपी टाकल्यावर नावांची यादी पंधराच मिनिटं उघडी राहणार होती. मामांनी प्राचार्यांचं नाव काढलं आणि निकिताचं ओढून सगळ्यांत वर नेलं. रणधीर सर आणि सोमेश सर राहिले खाली. त्यांना काढायचं तर आणखी दोन फोन, आणि तेवढा दम मामांत उरला नव्हता. पडद्यावर विभाग बदलला : विद्यार्थी. सादरकर्ता : निकिता बजरंग. मामांनी सबमिटवर बाण नेला.

"मामा, थांबा," निकिता म्हणाली. "एक जागा रिकामी झालीय."

मामा म्हणाले, असू दे रिकामी. ती म्हणाली नाही. तिनं माउसवरचा त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि कीबोर्ड स्वतःकडं ओढला. मग एकदम थांबली आणि ओशाळली.

"मामा, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

तीन वर्षं ती या प्रयोगशाळेत येत होती. मामांनी तोंड उघडलं ते झापायलाच. पाचाला अकरा मिनिटं कमी आणि हिला नावं सुचतायत. चुकून तिसरंच काही दाबलं गेलं तर भट्टीवर जाशील. आम्ही काय लेखक आहोत का, आम्ही बश्या धुणारी माणसं. ते बरंच बोलले. ती ऐकत राहिली आणि बोटं कीबोर्डवर तशीच ठेवून म्हणाली, "शनिवार-रविवारचे ठिपके तुमी मोजल्यात. वहीत तुमचं अक्षर हाय. ते खोटं कसं करू? सांगा."

कॉलेजातल्या प्रत्येकाचं नाव मामांना पदव्यांसकट तोंडपाठ होतं. स्वतःचं मात्र शेवटचं कधी मोठ्यानं सांगितलं होतं ते आठवेना.

"बुद्धघोष ज्ञानोबा ओव्हाळ."

तिनं ते हळूहळू टाइप केलं. जोडाक्षरांपाशी थांबून, त्यांच्याकडं बघून, विचारून. तिच्या हातून कीबोर्ड घ्यावा आणि झटक्यात लिहून टाकावं असं मामांना वाटलं, आणि तरीही त्यांनी घेतला नाही. पोर्टलनं लगेच आपला हट्ट धरला. नवीन नाव, ज्याचं त्याचा ओटीपी.

मामांनी खिसा चाचपला. फोन नव्हता. प्राचार्यांशी बोलून झाल्यावर तो त्यांनी रागानं कुठंतरी ठेवला होता. फोन जवळ ठेवत नाही म्हणून ज्या माणसानं आख्ख्या स्टाफला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, तो माणूस आता टेबलाखाली, कपाटावर, नमुन्यांच्या बरण्यांमागं स्वतःचा फोन शोधत होता आणि स्वतःलाच त्या सगळ्या शिव्या घालत होता. शेवटी बेसिनपाशी, धुतलेल्या बश्यांच्या ढिगात, तो एकदा थरथरला.

मामांनी तो उचलला. चष्मा संगणकाशेजारी राहिला होता, म्हणून फोन लांब धरला, जवळ धरला. संदेशात सर म्हणून नव्हतं, मामा म्हणून नव्हतं. प्रिय बुद्धघोष ओव्हाळ, असं होतं आणि खाली सहा आकडे.

पाचाला चार मिनिटं कमी होती. खोलीच्या त्या टोकाहून निकितानं हाक मारली, आणि ती हाक मामांनी आयुष्यात हजारदा दुसऱ्यांना मारली होती.

"सर, ओटीपी आला असंल. तेवढा सांगा."

मामा सांगायला लागले. पहिले तीन आकडे नीट आले. चौथ्याला आवाज फुटेना. त्यांनी खिडकीकडं तोंड केलं, नाक ओढलं, आणि डोळ्यांत पाणी येतंय म्हणून स्वतःवरच चिडून उरलेले तीन आकडे एवढ्या मोठ्यानं सांगितले की निकिता दचकली.